तिसरा साचा

मार्च म्हणजे आमच्याकडे अप्रेझलचा महिना. गेल्या मार्चमध्ये मॅनेजरने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "एक शीट बनव. टीममधल्या प्रत्येकाने प्रत्येक स्प्रिंटमध्ये किती स्टोरी पॉइंट केले, सगळं एका ठिकाणी. वरून मागितलंय."

मी ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत काम करतो. इंजिनिअरिंग केलंय, तिशी अजून यायचीय, आणि कोडिंगसोबत 'स्क्रम मास्टर' हे पदही गळ्यात पडलंय. ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अजाईल ही सॉफ्टवेअर बनवायची एक रीत आहे. वर्षभराचा आराखडा आधीच पक्का न करता कामाचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे. अशा एका तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. स्प्रिंट संपला की चालतं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला दाखवायचं, तो काय म्हणतो ते ऐकायचं आणि मग पुढचं ठरवायचं. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्या-उभ्या बोलायचं, तो स्टँडअप. काम किती मोठं आहे याचा अंदाज बांधायला टीमने आपापसांत आकडे ठरवायचे, ते स्टोरी पॉइंट. हे सगळं जिरा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. "आज जिरा बंद होतं" असं मी फोनवर म्हटलं की आई अजूनही माझ्याकडे विचित्र नजरेने बघते.

शीट बनवायला दहा मिनिटं लागली. समोर जे आलं ते बघून मात्र मी लॅपटॉप बंद केला. सगळ्यात तळाला आमची टेस्टर होती. गेल्या वर्षभरात दोनदा रिलीज तिनेच थांबवलं होतं, आणि दोन्ही वेळा ती बरोबर होती. नवीन आलेल्या पोरांना सिस्टिम समजावून सांगण्यात तिचा निम्मा दिवस जायचा. पण दुसऱ्याला समजावण्याचे पॉइंट नसतात. चूक होण्याआधी पकडली, तर जिरामध्ये काहीच उमटत नाही. शीटनुसार ती आमच्या टीममधली सगळ्यात निरुपयोगी व्यक्ती होती, आणि त्या वर्षी कंपनीत माणसं कमी करायची कुजबुज सुरू होती.

त्या रात्री बदलापूरला घरी पोचल्यावर जेवताना बाबांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तिसरा साचा आला तुझ्याकडे."

हा लेख त्या एका वाक्याचा पाठलाग करताना जमत गेला.

मुंबई, १९२८

आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. ते पन्नासच्या दशकात लागले, पण जुन्या लोकांकडून ऐकलेल्या १९२८ च्या संपाच्या गोष्टी ते स्वतः पाहिल्यासारख्या सांगायचे. 'तिसरा साचा' हा शब्द आमच्या घरात त्यांच्याकडूनच आला. कुणी गोड बोलून जास्तीचं काम अंगावर टाकलं, की आजोबा म्हणायचे, तिसरा साचा आला.

त्यामागची हकिकत अशी. मुंबईच्या गिरण्यांमध्ये एक विणकर साधारण दोन साचे सांभाळायचा. विशीच्या दशकात गिरण्यांचा धंदा मंदावला. जपानी कापडाची स्पर्धा वाढली. तेव्हा मालकांनी 'एफिशियन्सी' योजना आणल्या आणि ससून समूहाच्या गिरण्या त्यात पुढे होत्या. विणकराने दोनऐवजी तीन साचे बघायचे, कातणाऱ्यानेही आधीच्या दुप्पट काम बघायचं. त्याआधी १९११ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक टेलरचं 'सायंटिफिक मॅनेजमेंट'वरचं पुस्तक आलं होतं. काम कसं करायचं हे वरच्याने घड्याळ लावून ठरवावं आणि खालच्याने ते तसंच करावं, हा त्याचा गाभा. मुंबईत शास्त्र फारसं आलं नाही, ठरवणारा वरचा मात्र आला.

तिसरा साचा मिळाला म्हणून सूत काही चांगलं झालं नाही. सूत कच्चं असलं तर धागा तुटतो, आणि तीन साच्यांवर तुटणारा धागा दोन हातांनीच जोडायचा असतो. शिवाय तिघांचं काम दोघांकडे गेलं, की तिसरा माणूस घरी बसतो. एप्रिल १९२८ मध्ये संप पेटला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. गिरणी कामगार युनियन त्याच संपात जन्मली. पुढे फॉसेट समिती नेमली गेली, अहवाल आला, वाद मात्र मिटला नाही.

कामगारांचा विरोध यंत्रालाच होता किंवा त्यांना कमी काम हवं होतं, असं या संपाबद्दल सहज म्हटलं जातं. आजोबांच्या सांगण्यात ते तसं नसायचं. राग याचा होता, की साचा ज्याच्या हाताखाली आहे त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

अहमदाबाद, १९५३

आता पंचवीस वर्षं पुढे आणि मुंबईहून उत्तरेला जाऊ. तेव्हा अहमदाबादही मुंबई राज्यातच होतं. तिथल्या साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिल्सने आपल्या एका गिरणीत ऑटोमॅटिक साचे बसवले. यंत्रं नवी कोरी होती, तरी अपेक्षेइतकं कापड निघेना आणि खराब कापडाचं प्रमाणही जास्त होतं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधून ए. के. राइस नावाचा संशोधक तेव्हा कंपनीला सल्ला द्यायला आला होता.

राइसने साचे मोजले नाहीत, आधी माणसं पाहिली. २२४ साच्यांवर २९ माणसं होती आणि कामं बारा प्रकारची. कुणी विणकर, कुणी फक्त बॉबिन भरणारा, कुणी तुटलेले धागे जोडणारा, कुणी तेल देणारा, कुणी झाडणारा. प्रत्येकाच्या वाट्याला साच्यांची संख्या वेगळी होती. त्यामुळे तेल देणारा एकाच वेळी अनेक विणकरांचा आणि कुणाचाच नाही. साचा बंद पडला तर तो नक्की कुणाचा प्रश्न, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आमच्या आयटीत याला काय म्हणतात ते सांगायला नको. तिकीट एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे फिरत राहतं, तेच हे.

राइसने एक कल्पना मांडली: साच्यांच्या एका गटाला माणसांचा एक गट. त्या गटाने सगळी कामं आपापसांत वाटून घ्यायची, एकमेकांची कामं शिकायची. पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही कल्पना कानावर येताच कामगारांनी आणि जॉबरांनी आपापसांत बोलून गट स्वतःच पाडले. कुणी कुणाबरोबर काम करायचं, हे त्यांनी ठरवलं.

सुरुवात सरळ नव्हती. जोशात वेग वाढला, साच्यांची देखभाल मागे पडली आणि आकडे पुन्हा घसरले. मग घडी बसली. बसल्यावर कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि खराब कापड ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत खाली आलं. साचे आधीचेच होते, माणसंही तीच.

१९२८ आणि १९५३ शेजारी-शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे माग तोच, कापूस तोच, मालकाला हवी असलेली गोष्टही तीच. एकीकडे सहा महिने संप, दुसरीकडे जास्त आणि चांगलं कापड. मधला फरक एवढाच, की काम कसं करायचं हे ठरवायचा हक्क कुणाकडे होता. अजाईलबद्दल मी आजवर जेवढं वाचलं आणि भोगलं, त्याचं सार मला या दोन सालांत सापडतं. पद्धतीचं नाव काहीही असो, हा हक्क खाली आला तर फायदा होतो. तो वरच राहिला, तर पद्धत म्हणजे तिसरा साचा.

या गोष्टीचा एक शेवटही आहे. एरिक मिलर या टॅव्हिस्टॉकच्याच संशोधकाने १९७० पर्यंत तिथे काय झालं याचा आढावा घेतला. एका ठिकाणी गटाची रीत जवळपास तशीच टिकली होती. इतरत्र ती हळूहळू मागे जाऊन जुनी मुकादमी परत आली होती. तिला कुणी बंदी घातली नव्हती, तिची राखण करणारं कुणी राहिलं नव्हतं एवढंच.

अंबरनाथ, आनंदनगर

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप कधी रीतसर संपलाच नाही. आमचं घर मात्र त्या संपाने परळमधून उचललं आणि बदलापूरला आणून ठेवलं. तेव्हा इथे जागा स्वस्त होती. घाट उतरून आलेले घोडेस्वार इथे घोडे बदलायचे म्हणून गावाचं नाव बदलापूर पडलं, असं इथे सांगतात. आमच्या घराने धंदा बदलला. आजोबा पुन्हा साच्याकडे गेले नाहीत, आणि बाबा अंबरनाथला लेथवर लागले.

अंबरनाथ म्हटलं की बाहेरच्यांना शिलाहारांचं शिवमंदिर आठवतं. आमच्यासाठी अंबरनाथ म्हणजे भोंगे. विसाच्या दशकात स्वीडिश कंपनीने काढलेला विम्कोचा काडेपेटीचा कारखाना बंद झाला, पण विम्को नाका अजून आहे. स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी आली, मग एमआयडीसी. बाबा आनंदनगर एमआयडीसीतल्या एका छोट्या इंजिनिअरिंग कंपनीत व्हॉल्व्हचे भाग बनवायचे. नव्वदच्या दशकात, आयएसओ सर्टिफिकेटचं वारं सुटलं होतं तेव्हा, त्यांच्याकडे 'क्वालिटी सर्कल' आलं.

क्वालिटी सर्कलचा उगम जपानचा. १९६२ मध्ये काओरू इशिकावा आणि तिथल्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेने ही कल्पना पसरवली. एका खात्यातल्या सात-आठ कामगारांनी आठवड्यातून एकदा बसायचं, आपल्याच कामातली अडचण शोधायची, आपणच उपाय सुचवायचा आणि करून बघायचा. त्याच काळात टोयोटात ताइची ओनो यांनी असेंब्ली लाइनवरच्या साध्या कामगारालाही चूक दिसताच सगळी लाइन थांबवायचा अधिकार दिला होता. भारतात क्वालिटी सर्कल ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या भेलमधून पसरलं.

"पहिलं वर्ष फार चांगलं गेलं," बाबा सांगतात. ड्रिलिंगच्या एका जॉबमध्ये रिजेक्शन खूप व्हायचं. जॉब जिगमध्ये बसताना बारीकसा हलतो, हे बाबांच्या सर्कलने शोधलं. जिगला एक खाच पाडली आणि रिजेक्शन जवळपास थांबलं. कंपनीने सर्कलमधल्या प्रत्येकाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते आजही आमच्या हॉलमध्ये आहे, दर दोन महिन्यांनी पाच मिनिटं मागे पडतं.

दुसऱ्या वर्षी सर्कलने सुचवलं, की रात्रपाळीत मटेरियल उशिरा येतं, स्टोअरची वेळ बदला. हा प्रश्न जिगचा नव्हता, साहेबांच्या वेळापत्रकाचा होता. सूचना फाइलला लागली. तिसऱ्या वर्षी प्रत्येक सर्कलने महिन्याला किमान चार सूचना द्याव्यात असं टार्गेट आलं. मग लोक "पंखे पुसावेत", "बोर्ड रंगवावा" असं काहीबाही लिहून चार भरायला लागले. बैठका मात्र कधी चुकल्या नाहीत. ऑडिटच्या दिवशी तर फळ्यावर रंगीत खडूने तक्ते काढायचे.

हे ऐकताना मला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं. आमचा रेट्रो, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर 'काय चुकलं, काय सुधारू' यावर होणारी बैठक, हुबेहूब अशीच झाली होती. "कॉफी मशीन दुरुस्त करा" हे आमचं "पंखे पुसावेत".

स्नोबर्ड, २००१

सॉफ्टवेअरवाल्यांनी हीच गोष्ट नव्याने शोधली. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने एका निबंधात सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या पायऱ्यांचं चित्र काढलं: आधी गरजा, मग आराखडा, मग कोड, मग टेस्टिंग. अशा सरळ उतरणीने गेलात तर धोका आहे, चूक शेवटी कळेल, असं त्याने तिथेच लिहिलं होतं. लोकांनी चित्र उचललं, इशारा सोडून दिला. त्या चित्राला पुढे 'वॉटरफॉल' नाव पडलं आणि अनेक वर्षं मोठाले प्रकल्प त्यावर चालले.

१९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्ससारख्या कंपन्यांचा अभ्यास मांडला. तिथे एक विभाग काम संपवून दुसऱ्याकडे ढकलत नव्हता, सगळे मिळून रग्बीच्या संघासारखे पुढे सरकत होते. 'स्क्रम' हा शब्द तिथून आला. नव्वदच्या दशकात जेफ सदरलंड आणि केन श्वाबर यांनी त्याला सॉफ्टवेअरचं रूप दिलं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फातल्या रिसॉर्टवर अशा वेगवेगळ्या पद्धतींचे १७ जण जमले आणि त्यांनी एक पानभर जाहीरनामा लिहिला. त्याचा मथितार्थ असा: प्रक्रियेपेक्षा माणसं, जाडजूड कागदांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर, करारावरच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाशी सहकार्य, आणि ठरलेल्या योजनेपेक्षा बदलाला प्रतिसाद. त्या पानावर स्टँडअप नाही, जिरा नाही, पॉइंटही नाहीत.

याचा खरा फायदा होतो का? होतो. अमेरिकेच्या एफबीआयचं उदाहरण बोलकं आहे. तपासाच्या फाइली संगणकावर आणायचा त्यांचा पहिला प्रकल्प १७ कोटी डॉलर गिळून २००५ मध्ये गुंडाळला गेला. २००६ मध्ये 'सेंटिनल' हा दुसरा सुरू झाला. २०१० पर्यंत ४५.१ कोटी डॉलरच्या बजेटमधले ४०.५ कोटी खर्च झाले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. तेव्हा एफबीआयने काम कंत्राटदाराकडून काढून स्वतःकडे घेतलं. छोटी टीम, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट, प्रत्येकाच्या शेवटी झालेल्या कामाचं प्रात्यक्षिक. जुलै २०१२ मध्ये सेंटिनल सुरू झालं. नुसत्या स्प्रिंटने हे घडलं नाही. निर्णय घेणारे, बनवणारे आणि वापरणारे यांच्यातलं अंतर कमी झालं, म्हणून घडलं.

मग आमच्याकडे अडतं कुठे? माझ्या मते करारावर. आपल्याकडच्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये बरेचदा काय बनवायचं, किती पैशांत आणि कधीपर्यंत, हे टीम जमण्याआधीच ठरलेलं असतं. तारीख पक्की, यादी पक्की. वापरणारा माणूस सात समुद्रांपलीकडे, मध्ये क्लायंटचा मॅनेजर, आमचा मॅनेजर आणि अकाउंट मॅनेजर. अशा ठिकाणी अजाईल आणलं तर येतात फक्त बैठका. बदलाला प्रतिसाद द्यायचा, पण बदलायला काही मोकळंच ठेवलेलं नाही. वर ट्रेनिंगमध्ये मुंबईच्या डबेवाल्यांची स्लाइड असतेच. डबेवाले स्वतःच्या संघटनेचे भागीदार असतात, हे मात्र त्या स्लाइडवर कधी नसतं.

आणि पॉइंट? सुरुवातीच्या टीम 'आदर्श दिवसां'त अंदाज द्यायच्या, म्हणजे कुणी मध्ये आलं नाही तर किती दिवस लागतील. मग मॅनेजर विचारायचे, एका दिवसाच्या कामाला तीन दिवस कसे? ती कटकट टाळायला दिवसांना 'पॉइंट' म्हणायला लागले. ही हकिकत रॉन जेफरीज यांनी सांगितलीय. ते स्नोबर्डच्या १७ जणांपैकी एक. पॉइंट बहुधा आपणच काढले आणि तसं असेल तर आता त्याचं वाईट वाटतं, असं त्यांनी २०१९ मध्ये लिहिलं. माझ्या शीटची कुळकथा ही अशी: मॅनेजरच्या मोजपट्टीपासून वाचायला जे काढलं, त्याचीच मोजपट्टी झाली.

उल्हासनगर, कॅम्प नंबर पाच

इथवर वाचून वाटेल, की करार नको, साहेब नको, छोटी टीम आणि ग्राहक समोर असला की झालं. मलाही तसं वाटायचं. माझी मावशी उल्हासनगरला राहते. तिच्याकडे गेलो की हे वाटणं थोडं डळमळतं.

उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातलं लष्करी 'कल्याण कॅम्प'. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्या बराकी मिळाल्या आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराचं नामकरण झालं. आजही पत्ता कॅम्प नंबरानेच सांगतात. सगळं मागे सोडून आलेल्या लोकांकडे मोठ्या कारखान्याचं भांडवल नव्हतं. बराकीच्या एका खोलीत जे बनवता येईल ते बनवलं, बाजारात नेलं, विकलं गेलं तर आणखी बनवलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबईने खूप वापरला. त्यामागे बाजार काय मागतोय हे दुसऱ्या दिवशी ओळखून तिसऱ्या दिवशी माल देण्याची ताकद होती.

पुढे इथे जीन्स आली. कुणी कापायचं, कुणी शिवायचं, कुणी बटण लावायचं. मावशी घरी बसून धागे कटिंग करायची, नगावर पैसे. नवा पॅटर्न आला की थोडेच नग शिवून दुकानदाराला दाखवायचे. चालला तर ऑर्डर, नाही चालला तर दुसरा पॅटर्न. जाहीरनामा न वाचता इथले लोक छोटे तुकडे, चटकन प्रतिसाद हेच करत होते.

पण जीन्स धुवावी लागते. वॉशिंगचं निळं, रसायनांचं पाणी वर्षानुवर्षं वालधुनीत गेलं. ही नदी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या कडेने येते, उल्हासनगरमधून जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. वाटेतल्या कारखान्यांचं पाणीही तिच्यातच. नोव्हेंबर २०१४ मध्ये कुणीतरी टँकरमधून रसायन सोडलं आणि नदीकाठच्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावं लागलं. प्रकरण न्यायालयांत गेलं, आणि दशक संपता संपता जीन्स वॉशिंगचे कारखाने बंद करावे लागले. मावशीचं काम एका आठवड्यात थांबलं. नदी तिने घाण केली नव्हती, नगामागे मिळणाऱ्या पैशांत नदीचा हिशोबही कुणी धरला नव्हता.

वॉर्ड कनिंगहॅम, हेही पुढे स्नोबर्डला होते, त्यांनी १९९२ मध्ये सॉफ्टवेअरला एक शब्द दिला: तांत्रिक कर्ज. घाईत कच्चं काम पुढे पाठवणं म्हणजे कर्ज काढणं. लवकर फेडलं तर ठीक, नाहीतर व्याज चढत जातं. मला तो शब्द पुस्तकातून कधी नीट कळला नाही, वालधुनीच्या पुलावर नाकाला रुमाल लावून उभा राहिलो तेव्हा कळला. अहमदाबादच्या गटांनीही सुरुवातीला वेगाच्या नादात देखभाल सोडली होती. त्यांना ते भोवलं आणि त्यांनीच सुधारलं, कारण साचा त्यांचाच होता. इथे कर्ज काढणारा एक आणि फेडणारी मावशी.

म्हणजे वेग पुरेसा नाही. थांबवायचा अधिकारही खाली असावा लागतो. आणि आमच्या टीममध्ये तो अधिकार वापरणारी एकच व्यक्ती होती, शीटमध्ये सगळ्यात तळाला.

शीट

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला शीट पाठवली. त्यात टीमची बेरीज होती, नावं नव्हती. खाली लिहिलं, की माणशी पॉइंट काढता येतात पण त्यांचा अर्थ लागत नाही, आणि थांबवलेल्या दोन रिलीजमध्ये नेमक्या कोणत्या चुका होत्या, त्या ग्राहकापर्यंत गेल्या असत्या तर काय झालं असतं, हे तारखांसह मांडलं. मॅनेजर चिडला. "तू कुणाच्या बाजूने आहेस?" असंही म्हणाला. शेवटी माझंच रेटिंग एक पायरी खाली आलं. टेस्टरचं नाव मात्र यादीत गेलं नाही. माझ्यामुळेच गेलं नाही असं मी म्हणणार नाही. मॅनेजरने तारखांचा तो भाग वर पाठवला होता, हे मला नंतर कळलं. त्याच्याही डोक्यावर कुणीतरी तिसरा साचा ठेवलाच होता.

मग मी एक लहान गोष्ट मागून घेतली. दर दोन आठवड्यांच्या डेमोला क्लायंटच्या मॅनेजरसोबत प्रत्यक्ष स्क्रीन वापरणारी एक तरी व्यक्ती हवी. दोन महिने ईमेल चालले. अखेर त्यांच्या ऑफिसातल्या एक बाई कॉलवर आल्या, विम्याचे दावे तपासणाऱ्या. आम्ही चार स्प्रिंट खपून बनवलेला डॅशबोर्ड त्यांना दाखवला. त्या संकोचून म्हणाल्या, हे छान आहे, पण मी यातलं एकच बटण वापरते, सगळा डेटा एक्सेलमध्ये काढते आणि तिथे काम करते. मग त्यांनी त्यांचं एक्सेल दाखवलं. पुढच्या स्प्रिंटमध्ये आम्ही त्या एक्सेलमधले तीन कॉलम स्क्रीनवर आणले आणि डॅशबोर्डची उरलेली यादी क्लायंटनेच रद्द केली. दोन महिन्यांचं काम वाचलं. पॉइंटच्या तक्त्यात आमचा तो स्प्रिंट वर्षातला सगळ्यात खराब दिसतो.

करार बदलला नाही, मधले मॅनेजरही आहेत. अहमदाबादसारखं हेही मागे जाईल अशी भीती वाटते, म्हणून त्या बाईंचं आमंत्रण कॅलेंडरमध्ये मी कायमचं टाकून ठेवलंय, माझ्या नव्हे तर टीमच्या नावाने. मी उद्या दुसरीकडे गेलो तरी कॉल लागेल.

गेल्या महिन्यात टेस्टरने पुन्हा एक रिलीज थांबवलं, शुक्रवारी संध्याकाळी. या वेळी तिला कारण कुणी विचारलं नाही, सगळ्यांनी विचारलं की चूक कुठे आहे. सापडायला तीन तास लागले. शेवटच्या काही गाड्यांपैकी एक पकडून बदलापूरला पोचलो तेव्हा बाबा जागे होते आणि स्टुलावर चढून घड्याळ पाच मिनिटं पुढे करत होते.